एक ब्रास पांढरी

मराठी मुलखात गावाची जमीन दोन रंगांत वाटलेली असते. कसायची ती काळी, राहायची ती पांढरी. जुन्या वतनाच्या कागदांत ‘पांढरी’ म्हणजे नुसती घरांखालची जागा नसते, सबंध गाव त्या एका शब्दात येतं. शब्द मातीच्या रंगावरूनच पडला आहे. दख्खनचा खडक बेसाल्टचा, त्याची झीज होऊन शेताची माती काळी झाली. पण जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली तिथे चुलीची राख, शेणाचं सारवण, कुडाच्या भिंतींचा लिंपा, चुना, हाडं, कुजलेला पेंढा असं सगळं थरावर थर बसत गेलं आणि माती राखाडी, भुरकट, उन्हात पांढरी दिसणारी झाली. गाव उठून गेलं तरी रंग जात नाही. घोड, भीमा, प्रवरा, गोदावरी, गिरणा, तापी यांच्या काठाने उसाच्या मधोमध एखादा दोन-चार मीटरचा भुरा उंचवटा दिसतो, तो बहुतेक वेळा असा गाव असतो. त्यातले काही साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

ही माती पिकाला चांगली. राखेत पालाश (पोटॅश) असतं, हाडांत आणि शेणात स्फुरद (फॉस्फरस) असतं, शिवाय भुसभुशीत असल्याने चिकट काळ्या रानात ती मिसळली की निचरा सुधारतो. धाब्याच्या घरांवरही पांढरी माती पसरतात. थोडक्यात, या टेकाडांना गिऱ्हाईक नेहमीच होतं. पूर्वी ते बैलगाडीने यायचं, उन्हाळ्यात दहा-वीस गाड्या न्यायचं आणि टेकाड उरायचं. आता जेसीबी येतो, मग टेकाड उरत नाही.

मातीचा हिशेब ब्रासात होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. ट्रॅक्टरची एक ट्रॉली साधारण तेवढीच भरते. आता ताम्रपाषाण काळातलं, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरली जात त्या काळातलं, एक साधं घर घ्या: पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद. त्याची चोपलेली जमीन, चूल, कोसळलेल्या भिंतीचा चुरा, कोपऱ्यातली राख असा सगळा मिळून २० सेंटिमीटरचा थर धरला तर तीन घनमीटर होतात. म्हणजे एक घर, एक ट्रॉली. दिवसभरात तीस फेऱ्या झाल्या तर तीस घरांइतका थर गेला, आणि चालकाला त्यात फुटक्या खापरांपलीकडे काही दिसलंही नाही.

म्हणून हा प्रश्न पुरातत्त्व खात्यावर सोडून चालणार नाही. तो तलाठ्याचा (आता हुद्दा ‘ग्राम महसूल अधिकारी’), ग्रामपंचायतीचा आणि खताचा प्रश्न आहे, आणि त्याच भाषेत सुटेल. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचा इतिहास वाचवायचा असेल तर टेकाडाभोवती कुंपण आणि निळी पाटी लावण्याआधी दोन कामं झाली पाहिजेत. टेकाडाची नोंद सातबारावर आली पाहिजे, आणि शेतकऱ्याला पांढरीच्या बदल्यात दुसरी सुपीक माती मिळाली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा असतो: त्या ढिगाऱ्यात आहे तरी काय? ना मंदिर, ना तटबंदी, ना लेख. इजिप्तमध्ये पिरॅमिड, मोहेंजोदडोत भाजक्या विटांची घरं, आमच्याकडे खापरं. या आक्षेपामागे ‘संस्कृती म्हणजे शहर’ अशी पक्की समजूत आहे. पण मानवी समाज कसा उभा राहिला हे विचारताना खरा अवघड प्रश्न शहराच्या आधीचा आहे. सारख्या घरांत राहणाऱ्या माणसांत एकाचं घर मोठं कधी झालं? धान्य सगळ्यांचं होतं ते एकाच्या अंगणात कधी साठू लागलं? पाट कोणी खणला, आणि खणायला कोणी लावला? याची उत्तरं राजवाड्यांत सापडत नाहीत, कारण राजवाडा उभा राहीपर्यंत गोष्ट घडून गेलेली असते. ती सापडतात मातीच्या खेड्यांत, आणि महाराष्ट्र त्या बाबतीत श्रीमंत आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेलं इनामगाव हे याचं सर्वांत नीट वाचलेलं उदाहरण. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. वस्तीचे तीन टप्पे निघाले: इसवी सनपूर्व १६०० ते १४०० माळवा संस्कृती, १४०० ते १००० पूर्व जोर्वे, १००० ते ७०० उत्तर जोर्वे. (जोर्वे हे संगमनेरजवळचं प्रवरेकाठचं गाव, तिथे १९५०-५१ मध्ये खणताना ही भांडी पहिल्यांदा ओळखली गेली.) शंभराहून अधिक घरं उघडी झाली. आधीच्या दोन टप्प्यांत घरं चौकोनी, गोलसर कोपऱ्यांची, खाली मातीची बुटकी भिंत आणि वर कुड. आत चूल, धान्याच्या कणगीखाली ठेवलेले चार चपटे दगड, चुन्याने लिंपलेली पेवं. जव हे मुख्य पीक, सोबत गहू, मसूर, वाटाणा. जव आणि गहू रब्बीचे, म्हणजे पाणी हवं. आणि पाणी वळवण्यासाठी काढलेला सुमारे २०० मीटर लांबीचा पाट आणि त्याच्या बाजूचा बांधही तिथे सापडला.

आता मोठ्या घराकडे या. पूर्व जोर्वे काळात बाकीची घरं एका-दोन खोल्यांची असताना एक घर पाच खोल्यांचं आहे. त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. अंगणात जमिनीखाली कच्च्या मातीचा, चार पायांचा, पोट सुटलेला रांजण; त्यात एका प्रौढ पुरुषाला बसवून पुरलेलं. इनामगावात प्रौढांना पुरण्याची रीत वेगळी होती: खड्ड्यात उताणं, उत्तर-दक्षिण, आणि घोट्याखाली पाय तोडलेले. मेलेला परत येऊ नये किंवा भटकू नये म्हणून असेल, असा तर्क आहे. रांजणातल्या माणसाचे पाय मात्र शाबूत. मोठं घर, शेजारचं कोठार, वेगळं दफन आणि न तोडलेले पाय या चार गोष्टी एकत्र ठेवल्या की गावाला प्रमुख होता, धान्य त्याच्याकडे जमा होत होतं आणि मरणातही त्याला वेगळा नियम होता, हे अनुमान उभं राहतं. शिवाय कुंभार, चुना भाजणारे असे कारागीर वस्तीच्या एका कडेला आणि सुखवस्तू शेतकरी मध्यभागी, अशी मांडणीही दिसली. बलुत्याची आठवण इथे कोणालाही होईल, पण तिथवर उडी मारण्याची घाई करू नये. मध्ये दोन हजारांहून जास्त वर्षं आहेत.

या अनुमानात एकही वस्तू एकटी बोलत नाही. रांजण नुसता रांजण आहे, कोठार नुसता खोलगट ओटा आहे. अर्थ आला तो कोणती गोष्ट कशाशेजारी, कोणत्या थरात, कोणत्या जमिनीखाली होती यावरून. जेसीबी वस्तू फोडतो हे नुकसान लहान आहे. संग्रहालयांत खापरं भरपूर पडून आहेत. पण जेसीबी वस्तूंचा शेजार मोडतो, आणि शेजार पुन्हा जुळवता येत नाही.

हे किती महागात पडतं याचा दाखला म्हणून दायमाबाद पुरे. श्रीरामपूर तालुक्यातलं प्रवरेकाठचं हे स्थळ सुमारे २० हेक्टरचं, जोर्वे काळातल्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक. १९७४ मध्ये तिथे झुडपाचं मूळ खणताना एका गावकऱ्याला चार ओतीव वस्तू मिळाल्या: बैल जुंपलेला आणि माणूस उभा असलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. वजन मिळून ६० किलोंहून जास्त. त्या काळात तांबं इतकं दुर्मीळ की रोजची कापाकापी गारगोटीच्या पात्यांनी चालायची. त्यात ६० किलो धातू म्हणजे काय प्रकरण असेल! पण या वस्तू कोणत्या काळातल्या? पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथल्या उत्खननानंतर त्या उत्तर हडप्पा काळात, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यात, घातल्या. दुसरीकडे रासायनिक तपासणीत त्यांत १ टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघालं. या भागातल्या ताम्रपाषाण वस्तूंत असं दिसत नाही, म्हणून त्या नंतरच्या असाव्यात असं मत मांडलं गेलं. वाद आजही पुरता मिटलेला नाही. मिटणारही कसा? त्या वस्तू उत्खननात सापडल्या असत्या तर वरचा थर, खालचा थर, शेजारचा कोळसा यांनी निकाल दिला असता. महाराष्ट्रात सापडलेला प्रागैतिहासिक धातूचा सर्वांत देखणा ठेवा आहे, आणि तो कोणाचा हे सांगता येत नाही. मुळाशी माती हलली एवढंच कारण.

टेकाड नेमकं कसं बिघडतं हेही पाहिलं पाहिजे, कारण सगळं नुकसान सारखं नसतं. साध्या नांगराने वरची वीतभर माती हलते. तेवढ्याने टेकाड मरत नाही. ट्रॅक्टरचा पलटी नांगर फूटभराहून खोल जातो आणि दरवर्षी थोडा थोडा खालचा थर वर आणतो. घराची चोपलेली जमीन जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर जाड असते, ती एका हंगामात संपते. उसासाठी सपाटीकरण करताना माथा छाटून कडेला ढकलतात. माथ्यावर असतो तो शेवटचा टप्पा, म्हणजे गाव का उठलं याचा पुरावा सर्वांत आधी जातो. नदीच्या बाजूने वाळू उपशाने दरड कोसळते तेव्हा मात्र सगळे थर एकदम उघडे पडतात आणि पुढच्या पुरात वाहून जातात. विहिरीचा खड्डा त्या मानाने सोसवतो. त्याच्या कडांत थर शाबूत दिसतात, आणि हुशार माणूस त्या कडेवरूनच टेकाड वाचतो.

शेवटच्या टप्प्याचा मुद्दा जरा जास्त थांबण्यासारखा आहे. गोदावरी-प्रवरा खोऱ्यातली बहुतेक जोर्वे गावं इसवी सनपूर्व १०००च्या सुमारास ओस पडली. भीमा खोऱ्यात इनामगावसारखी थोडी तगली, पण तिथे चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, भांडी जाडीभरडी झाली, गहू मागे पडला आणि शिकार वाढली. ढवळीकरांचं म्हणणं असं की हवा कोरडी झाली, शेती बसली, माणसं अर्धी भटकी झाली. पटण्यासारखं आहे, विशेषतः शिरूरच्या दुष्काळी पट्ट्यात उभं राहून. पण इनामगावात दोनशेहून अधिक दफनं मिळाली, त्यांत बहुतेक लहान मुलांची, आणि ती हाडं जपून ठेवली गेली. काही दशकांनी दुसऱ्या अभ्यासकांनी त्याच मुलांच्या हाडांच्या वाढीची मापं घेतली आणि ‘हवामान बदललं म्हणून समाज कोसळला’ या सरळ चित्रालाच आव्हान दिलं. कोण बरोबर हे ठरायला आणखी टेकाडं लागतील, माथ्यासकट शाबूत असलेली. नेमका माथाच आपण छाटतो आहोत.

पांढरी विकण्याची गोष्ट आपल्याकडेच घडते असंही नाही. इजिप्तमध्ये जुन्या कच्च्या विटांच्या ढिगाऱ्यांतली माती ‘सेबाख’ म्हणून शेतात टाकत. एकोणिसाव्या शतकात हा धंदा एवढा वाढला की कित्येक प्राचीन गावांची मधली बाजू पोखरून गेली. १८८७ मध्ये अमार्नाच्या मृत्तिकापत्रांचा (फॅरोंच्या दरबारातल्या पत्रव्यवहाराच्या मातीच्या पाट्यांचा) साठा उजेडात आला तोही सेबाख खणतानाच. किती पाट्या त्याआधी चुरा झाल्या कोण जाणे. पण फायूममधल्या करानिस इथे १९२०च्या दशकात मिशिगन विद्यापीठाच्या उत्खननकर्त्यांनी व्यवहारी मार्ग काढला: सेबाख काढणाऱ्या कंपनीशी करार केला, आम्ही खणू, माती तपासू, आणि तपासून झालेली माती तुम्हाला देऊ. वस्तू आणि शेजार त्यांच्याकडे राहिला, स्फुरद शेतात गेलं. शेतकऱ्याला मातीतलं खत हवं आहे, पुरातत्त्वाला तिचा क्रम हवा आहे. दोघांचं भांडण मुळात एकाच गोष्टीवर नाही.

आपल्याकडे मात्र कायदा एकच हत्यार ओळखतो: संरक्षित घोषित करणं. केंद्राचा १९५८चा कायदा आहे, राज्याचा १९६०चा आहे. अधिसूचना निघते, दोन महिने हरकती मागवतात, मग अंतिम घोषणा. केंद्र-संरक्षित स्थळ झालं की २०१०च्या दुरुस्तीनुसार हद्दीपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीचं क्षेत्र. एखाद्या लेण्यासाठी हे योग्यच. पण ज्याची दीड एकर जमीन आणि घर त्याच पट्ट्यात आहे त्या शेतकऱ्याने काय करावं? टेकाडावर खापर सापडलं हे सांगितलं तर विहीर, गोठा, घराची वाढ सगळं कागदात अडकणार. तो शहाणा माणूस गप्प राहतो आणि घोषणेच्या आधीच सपाटीकरण उरकतो. कायदा जितका कडक तितकं टेकाड लवकर जातं, असा हा उलटा हिशेब आहे. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी त्याच्या जागी उभं राहून पाहावं.

‘मग सगळी टेकाडं खणूनच टाका,’ असंही सुचवलं जातं. उत्खनन हेही नाशच असतं, फक्त नोंद ठेवून केलेला. खड्डा पाच बाय पाच मीटरच्या चौकोनांत आखायचा, मध्ये कडा राखायच्या, थर रंगावरून आणि घट्टपणावरून वेगळे करायचे, प्रत्येक थराची माती चाळायची. राखेच्या खड्ड्यातली माती पाण्यात सोडायची. जळकं धान्य वर तरंगतं, ते बारीक चाळणीत धरायचं. न जळलेलं धान्य कुजून जातं, म्हणून राख हेच तिथलं कोठार. हे काम घाईने होत नाही. इनामगावला १५ वर्षांचे हंगाम लागले आणि अहवाल १९८८ मध्ये आला. या वेगाने सगळी टेकाडं खणायला एक राज्य पुरणार नाही. शिवाय उद्या आजच्यापेक्षा चांगल्या पद्धती असतील; त्यांच्यासाठी काही टेकाडं न खणता ठेवणं हेच शहाणपणाचं.

तेव्हा काम खालून सुरू व्हावं. सातबाराच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात ‘जुनी पांढरी’ एवढी साधी नोंद करावी. तिने मालकी जात नाही, पीक थांबत नाही, बांधकाम अडत नाही. परिणाम एकच: माती उचलण्याआधी तहसीलला कळवायचं. माती हे गौण खनिज आहे, तिच्या परवान्यासाठी तहसील कार्यालय आधीच मध्ये असतं. तिथे ब्रास आणि स्वामित्वधन यांच्या जोडीला ‘गटात जुनी पांढरी आहे का’ हा एक प्रश्न घालायला नवा कायदा लागत नाही.

दुसरं, बदली माती. धरणांतला आणि तलावांतला गाळ शेतात टाकण्यासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात आहेच. पांढरीची नोंद असलेल्या गटांना त्या गाळात पहिला हक्क द्यावा. प्रवरा आणि घोडच्या पट्ट्यात साखर कारखाने आहेत, त्यांची प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा मळ) हीही चालेल. नीट कुजवलेली प्रेसमड पांढरीपेक्षा कमी ताकदीची असते असं कोणताही ऊसवाला म्हणणार नाही. जो शेतकरी टेकाडावर पलटी नांगर न घालता उथळ मशागतीचं पीक घेईल, त्याला गाळ मोफत पोहोचवावा. पैशापेक्षा हा सौदा सरळ, कारण मोबदल्याचा धनादेश दोन वर्षांनी येतो आणि गाळ त्याच उन्हाळ्यात येतो.

ओळखण्याचं शिक्षण तलाठी, सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि जेसीबी चालक यांना एका सकाळीत देता येईल. भोवतीच्या काळ्या रानात भुरी उंच माती. पहिल्या पावसानंतर वर आलेली पातळ, विटकरी खापरं, त्यांवर काळ्या रेघा, टिचकी मारली की खणखणीत आवाज. कडा समांतर असलेली गारगोटीची बारीक पाती. भाजक्या मातीचे ढेकूळ आणि त्यांवर कुडाच्या काड्यांचे ठसे. यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या की यंत्र थांबवायचं. आणि एक खास सांगायला हवं: दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली दिसली तर ते गुप्तधन नव्हे. जोर्वे लोक लहान मुलांना असं घराच्या जमिनीखाली पुरत. सोन्याच्या आशेने अशी मडकी फोडली जातात, आत मूठभर हाडं निघतात, ती उकिरड्यावर जातात आणि त्या घराचा सगळा अर्थ त्यांच्याबरोबर जातो. धन निघालंच तर १८७८चा निखात निधी कायदा आहे, त्यात शोधणाऱ्याला वाटा मिळण्याची सोयही आहे. ती लोकांना कोणी सांगत नाही.

प्रत्येक पांढरी ताम्रपाषाण काळातली नसेल. पुष्कळ सातवाहन किंवा यादव काळातल्या, काही दोनशे वर्षांपूर्वी पटकीने किंवा दुष्काळाने बेचिराख झालेल्या गावांच्या निघतील. निघू देत. कोणती किती जुनी हे ठरवायला अभ्यासक एका दिवसात पृष्ठभागावरची खापरं पाहून पुरेसं सांगू शकतो. त्याला फक्त टेकाड कुठे आहे हे माहीत हवं, आणि तो पोहोचेपर्यंत ते जागेवर हवं.

वेळापत्रकही ठरलेलं आहे, ते मातीनेच ठरवलं आहे. रब्बी निघाली की रानं मोकळी होतात आणि एप्रिल-मेमध्ये ट्रॉल्या चालतात. म्हणजे गावोगावची यादी फेब्रुवारीअखेर तलाठ्याच्या हातात हवी, आणि गाळाचे ट्रक मार्चमध्ये निघालेले हवेत.